साडेचारशे रुपयांची एका कॉइलची शेगडी: घ्या, पण आधी उघडा

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात साडेचारशे रुपयाला मिळालेली ही लाईटची शेगडी, म्हणजे पत्र्याची चौकोनी बॉडी, वर चिनीमातीची पांढरी प्लेट, प्लेटच्या गोल गोल खाचेत बसवलेली एकच लांब स्प्रिंग आणि एक वायर, एवढंच, ना बटण ना रेग्युलेटर ना लाल दिवा, ही घेण्यासारखी वस्तू आहे. पण खोक्यातनं काढली, पिन घातली आणि चहाचं पातेलं ठेवलं असं करणार असाल तर नका घेऊ. ही शेगडी आधी उघडायची, आत बघायचं, दोन-तीन गोष्टी बदलायच्या आणि मग वापरायची. तेवढं केलं तर लई वर्षं जाईल, कारण हिच्यातला एकन् एक भाग सुटा मिळतो आणि घरी पक्कड नि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बदलता येतो. मला तर हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

घ्यायचं कारण म्हणजे भाचा. गारगोटीहून शिकायला आलाय, राजारामपुरीत तिघं मिळून खोली घेतलीय, गॅसचं कनेक्शन नाही आणि ताईनं गावाकडनं बांधून दिलेली सगळी भांडी जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक पितळी पातेलं, एक बिडाचा तवा. इंडक्शन घ्यायचं तर जर्मल आणि पितळ चालत नाही, त्याला बुडाला चुंबक चिकटेल असलंच भांडं लागतं, म्हणजे शेगडीबरोबर भांडी पण नवीन आली. शिवाय इंडक्शनचा आतला बोर्ड गेला की दुरुस्तीवाला जो आकडा सांगतो तो ऐकून माणूस नवीनच घेतो, हे आमच्या घरात आणि शेजारी पण झालंय. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मोटारी, हीटर, पॅनेल हे रोजचंच, त्यामुळं म्हटलं मामा, मी बघतो तुझं, आधी आपल्या घरी चालवून बघू आणि मग खोलीवर नेऊ. इथं बहिणीच्या पोराला पण आपण मामाच म्हणतो लाडानं, तर असो.

दुकानात दोन प्रकार होते. एक असलाच, दुसरा जरा जाड पत्र्याचा, आयएसआयचा शिक्का असलेला आणि किंमत दुपटीच्या वर. ज्याला उघडाउघडी करायची नाही त्यानं सरळ तो दुसरा घ्यावा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. मी मुद्दाम स्वस्तातला घेतला कारण खोलीवरची पोरं हाच घेतात, आणि आत काय असतं ते एकदा नीट बघायचं होतं.

खालचे चार स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. पहिली गोष्ट, अर्थिंग नव्हतं. वायरला थ्री-पिन टॉप आहे, वरची जाड पिन पण आहे, पण आत हिरवी वायर कापून मागं वळवून टेप लावलेली. बॉडीला ती कुठंच जोडलेली नाही. म्हणजे स्प्रिंगचं एखादं टोक पत्र्याला टेकलं तर अख्खी शेगडी फेजला, म्हणजे करंटवाल्या वायरीला जोडलेली, आणि फ्यूज किंवा एमसीबी काहीच पडणार नाही, पडणार तो हात लावणारा. बाहेरनं तीन पिना दिसतात म्हणून माणूस निर्धास्त राहतो, त्यामुळं मला याचा खरंच राग आला. एका वायसरचा आणि एका बोल्टचा प्रश्न होता तो, दोन रुपयांचा. दुसरं म्हणजे वायर जिथं पत्र्यातनं आत जाते तिथं रबरी बूच नाही, पत्र्याची धार सरळ वायरीच्या कातड्यावर. तिसरं, वायर स्वतः बारीक. दहा मिनिटं चालवून पिनेला आणि वायरीला हात लावला तर कोमट नाही, चांगली गरम लागली. आणि चौथं, स्प्रिंगची दोन्ही टोकं साध्या लोखंडी बोल्टला एकेक वेढा देऊन आवळलेली, खाली-वर वायसर नाही.

आता स्प्रिंगकडं येतो. शेगडीवर स्टिकर आहे २००० वॅट. मल्टिमीटर लावला तर स्प्रिंग ३३ ओहम दाखवते, ओहम म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचं माप. हिशोब सोपा आहे आणि ज्याला शेगडी दुरुस्त करायची आहे त्यानं तो पाठच करावा: घरातलं व्होल्टेज २३०, तर २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, त्याला ओहमनं भागायचं, येतील ते वॅट. ५२,९०० भागिले ३३ म्हणजे साधारण १६०० वॅट. २००० वॅटला साडेसव्वीसच्या आसपास ओहम पाहिजेत. म्हणजे स्टिकरवर दोन हजार आणि आत सोळाशे. तार तापल्यावर ओहम किंचित वाढतात पण या तारेत ती वाढ फारच थोडी असते, गार असताना मोजलं तरी अंदाज बरोबर येतो.

ही तार म्हणजे तांब्याची नसते हे बहुतेकांना माहिती असतं, पण काय असते ते विचारलं तर दुकानातला पण नुसतं स्प्रिंग म्हणतो. चांगली स्प्रिंग नायक्रोमची, त्यात साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्शनं याचं पेटंट घेतलं आणि घरगुती टोस्टर, इस्त्र्या, शेगड्या टिकाऊ व्हायला लागल्या त्या त्यानंतर. हिची खुबी अशी की लाल झाल्यावर वरच्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन एक पातळ थर बसतो आणि तो थर आतली तार जळू देत नाही. नवीन स्प्रिंग चांदीसारखी चकचकीत असते आणि पहिल्यांदा तापवली की मळकट काळपट होते ती याच्यामुळंच, ती खराब झालेली नसते, उलट आता तयार झालेली असते. वितळायला तिला जवळजवळ १४०० अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळं नुसत्या चालण्यानं ती वितळत नाही, जळते ती एका जागी अडचण झाली म्हणून.

दुसरी तार असते लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची, कँथल या नावानं जी ओळखली जाते त्या जातीची. ती वाईट अजिबात नाही, उलट जास्त उष्णता सोसते, भट्टीत हीच वापरतात. पण एकदा लाल झाली की ठिसूळ होते, नंतर पक्कडीनं वाकवायला गेलं की कट्कन मोडते. ओळखायला सोपं, चुंबक लावायचा. लोखंडवाली चिकटते, ८०-२० नायक्रोम चिकटत नाही. या शेगडीबरोबर आलेली चिकटली. पोरांच्या खोलीवर स्प्रिंग खाचेतनं वर येणार, कुणीतरी ती परत दाबून बसवणार, अशा ठिकाणी मला नायक्रोमच बरी वाटते.

मग सामान आणायला परत लक्ष्मीपुरी, आणि काही गोष्टी शिवाजी उद्यमनगरातनं. कोल्हापुरात राहायचं हे एक सुख आहे की मोटार रिवाइंडिंगपासून भट्टीच्या हीटरपर्यंत सगळं माहिती असलेली माणसं उद्यमनगरात गल्लीगल्लीत बसलेली आहेत आणि एक स्प्रिंग घ्यायला गेलं तरी अण्णा मीटर लावून देतात, वर दोन गोष्टी सांगतात. २००० वॅटची नायक्रोम स्प्रिंग, तीन कोअरची दीड एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा टॉप, पितळी नट-बोल्ट, वायसर, चिनीमातीचे मणी आणि काचेच्या धाग्याची स्लीव्ह. या सगळ्याला मिळून शेगडीच्या निम्म्याहून जरा जास्त पैसे गेले, त्यात सगळ्यात महाग वायर. तरी एकूण बेरीज शिक्क्याच्या शेगडीखालीच राहिली, आणि स्प्रिंग २७ ओहम निघाली, म्हणजे साडेएकोणीसशे वॅटच्या वर, चोख.

बसवायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो कारण इथंच लोक घाई करतात आणि मग महिन्याभरात स्प्रिंग गेली म्हणून दुकानदाराला शिव्या देतात. नवीन स्प्रिंग येते ती घट्ट गुंडाळलेली, वीतभर. ती खाचेच्या लांबीएवढी ताणायची असते. खाचेत एक सुतळी घालून सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवायची, मग ती सुतळी सरळ करून लांबी बघायची. स्प्रिंगचं एक टोक खिळ्याला अडकवायचं, दुसरं पक्कडीत धरायचं आणि एकसारखं, न थांबता, न झटका देता ओढायचं. सुतळीपेक्षा जरा कमीच ताणायची, म्हणजे खाचेत बसवताना थोडी ओढून बसते आणि वर उसळत नाही. मधे हातानं धरून तुकड्यातुकड्यानं ताणली की काही वेढे मोकळे होतात आणि काही दाटीवाटीनं राहतात. दाटीच्या जागी उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, मग तेवढाच भाग आधी आणि जास्त लाल होतो, आणि स्प्रिंग नेमकी तिथंच तुटते. सुरू केल्यावर अंधार करून एकदा बघा, सगळीकडं एकसारखा लालपणा आला पाहिजे, कुठं पिवळट ठिपका दिसला तर बंद करून, पिन काढून, गार होऊ देऊन ते वेढे सारखे करा.

एक शंका बऱ्याच जणांना असते, ताणली म्हणजे पॉवर कमी होणार का. नाही होत. ताणल्यानं वेढ्यातलं अंतर वाढतं, तार तेवढीच राहते, ओहम तेवढेच. पण कापली तर मात्र बदलतात. तुटलेली स्प्रिंग जोडताना लोक जळालेला तुकडा काढून टाकतात आणि दोन्ही टोकं पिळून एकमेकांत अडकवतात. समजा दहावा हिस्सा गेला, तर २७ ओहमचे २४ च्या आसपास राहिले, वॅट झाले जवळपास २२००, आणि ते पण कमी तारेतनं. म्हणजे राहिलेली तार आधीपेक्षा जास्त तापणार. त्यात पिळलेला जोड ढिला, तिथं ठिणग्या, तिथं परत तुटणार. झाळणं तर विषयच नाही, नेहमीचं शिसं-कथलाचं झाळण १८३ अंशालाच पातळ होतं आणि ही तार त्याच्या किती पटीनं तापते. तात्पुरतं जेवण उरकायला जोड ठीक, पण दुसऱ्या दिवशी नवीन स्प्रिंग आणा, पन्नास-साठ रुपयांची गोष्ट आहे.

टोकांचं एक काम मी कधीच चुकवत नाही, आमच्या कारखान्यातल्या जुन्या फिटरनं शिकवलेलं. स्प्रिंगचं शेवटचं टोक सरळ करायचं, दुप्पट करून स्वतःवरच पिळायचं आणि मग बोल्टखाली द्यायचं. दोन पदर झाले की करंट दोन्हीतनं वाटून जातो आणि तेवढा तुकडा कमी तापतो, त्यामुळं बोल्टशी जोड गार राहतो, पितळ काळं पडत नाही. खाली वायसर, वर वायसर, मधे तार, आणि नट असा आवळायचा की बोल्ट फिरला नाही पाहिजे. तिथनं वायरपर्यंतचा भाग मण्यातनं किंवा काचेच्या स्लीव्हमधनं न्यायचा. साध्या वायरीचं पीव्हीसी ७० अंशापर्यंतचं असतं, प्लेटखाली त्याहून जास्त होतं, नुसतं पीव्हीसी तिथं मऊ होऊन चिकटतं. हिरवी वायर बॉडीला बोल्टनं पक्की, आणि ज्या जागी बोल्ट येतो तिथला रंग आधी घासून पत्रा उघडा करायचा, रंगावर बोल्ट मारला तर अर्थिंग नावालाच. मग मीटरनं बघायचं: अर्थ पिन ते बॉडी जवळजवळ शून्य ओहम, फेज पिन ते बॉडी मात्र जोडच दिसता कामा नये. एवढं दाखवलं की झाकण लावा.

पहिल्यांदा रिकामीच चालवा, गॅलरीत किंवा खिडकी उघडून. रंगाचा वास येतो, थोडा धूर होतो, प्लेटमध्ये दमटपणा असतो तो जातो. आमच्याकडं आई म्हणाली, अरे जाळ आणि धूर संगटच! नंतर वास नाही आला.

आता स्वयंपाकाचं. चहा, भात, डाळ, अंडी, पाणी तापवणं याला उत्तम. स्प्रिंग लाल व्हायला मिनिटभर जातं, मग लिटरभर पाणी पाच-सहा मिनिटांत उकळतं, झाकण ठेवलं तर आधीच. जुन्या १६०० च्या स्प्रिंगवर फरक जाणवत होता. संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या वेळी मात्र शेगडी मंदावते, २३० च्या जागी २०० आलं तर पॉवर जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी होते, कारण व्होल्ट दोनदा गुणले जातात, त्यामुळं थोडं पडलं तरी जास्त जाणवतं. शेगडीचा दोष नाही तो.

तांबडा रस्सा करून बघितला आणि नाद खुळा झाला. मटण शिजायला वेळ लागतोच, एकसारखी आच मिळाली, वरती कट पण चांगला आला. मसाल्यासाठी सुकं खोबरं, तीळ, मिरची बिडाच्या तव्यावर भाजली, तिथं तर मला ही गॅसपेक्षा बरी वाटली, ज्वाला इकडं तिकडं हलत नाही आणि तवा कडेपर्यंत सारखा तापतो. पण पांढरा रस्सा? तिथं ही शेगडी कमी पडते. नारळाचं दूध घातल्यावर आच एकदम बारीक पाहिजे, खळखळून उकळलं की दूध फुटतं, आणि हिला बारीक हा प्रकारच नाही. बंद केली तरी प्लेट आणि स्प्रिंग बराच वेळ उष्णता सोडत राहतात. दूध घालायच्या आधी बंद करायची, राहिलेल्या धगीवर ढवळत राहायचं, असं आईनं जमवलं, पण रोजच्या माणसाला कटकट आहे. दूध तापवायला पण तेच, डोळ्यात तेल घालून उभं राहावं लागतं. पंख्याचा रेग्युलेटर लावून बघू का असं भाच्याच्या मित्रानं विचारलं. अजिबात नको. तो पंख्याच्या शंभरेक वॅटसाठी असतो, दोन हजार वॅट त्यातनं नेले तर तोच पेटेल.

भाकरी. ज्वारीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूनं छान भाजते, पण फुगवायला आपण गॅसवर जशी सरळ जाळावर टाकतो तसं इथं करायचं नाही. पापड जाळीवर भाजायचा असेल तर तो पण नाही. कारण पुढचं नीट वाचा.

ही स्प्रिंग उघडी आहे आणि चालू असताना तिच्यात २३० व्होल्ट आहेत. इंडक्शन किंवा बंद प्लेटवाल्या हीटरसारखं मधे काही नाही. लोखंडी चिमटा, जाळी, पळी, ओला हात, उतू गेलेला रस्सा, यातलं काहीही स्प्रिंगला लागलं की करंट तुमच्यापर्यंत येऊ शकतो. भांडं बसतं ते प्लेटच्या कडेवर, स्प्रिंग खाचेत खाली, म्हणून एरवी चालतं. पण स्प्रिंग कुठं वर उसळली असेल आणि तिच्यावर पातेलं टेकलं तर पातेलंच फेजला. म्हणून ढवळताना लाकडी दांड्याची पळी, पायात चप्पल, खाली कोरडी फळी, आणि भांडं ठेवताना-उचलताना बोर्डावरचं बटण बंद. नुसतं बटण बंद करून पण भागत नाही हे जुन्या पेठांतल्या घरात राहणाऱ्यांनी खास लक्षात घ्यावं, कारण तिथं कितीतरी बोर्डांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, मग बटण न्यूट्रल तोडतं आणि स्प्रिंग बंद दिसली तरी जिवंत असते. पुसायला, बघायला, स्प्रिंगला हात लावायला जायचं तर पिन बाहेर काढूनच.

आणि सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे तुटलेली स्प्रिंग. शेगडी चालू आहे, पण लाल होत नाही, गार आहे, म्हणून माणूस बोट घालून बघतो कुठं तुटलीय. तुटलेल्या जागेपर्यंतच्या फेजकडच्या तुकड्यात पूर्ण २३० व्होल्ट असतात. लाल नाही म्हणजे बंद आहे असं या शेगडीत समजायचं नाही. खोलीवर मी हेच तिघांना उभं करून सांगितलं, आणि बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळाला की लगेच लाईट तोडणारं बटण, बसवायची की नाही ते घरमालक काकांशी बोलून ठरवलं, बसवली. अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही असतील तरच ही शेगडी पोरांच्या हातात द्यायला माझं मन धजलं. घरात रांगतं मूल असेल, जमिनीवर स्वयंपाक होत असेल, तर ही शेगडी नकोच, कितीही स्वस्त असली तरी.

पॉइंटचं पण बघा. २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर. मोबाईलचा चार्जर लावतो त्या ६ अँपिअरच्या बारक्या सॉकेटवर हे चालत नाही, मोठा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. बाजारात मोठ्या पिनेचं छोट्यात घालायचं कन्व्हर्टर मिळतं, ते शेगडीला लावलं की बोर्ड पिवळा पडून वितळलेला दिसतो. एक्स्टेन्शन बोर्ड पण नको. खोलीवर एकच पॉवर पॉइंट होता, तिथं पाण्याचा हीटर लागायचा, आता आंघोळीनंतर शेगडी असा क्रम केलाय.

बिलाचा प्रश्न सगळे विचारतात. अर्धा तास चालली की एक युनिट, हे सरळ गणित. तिघांचा चहा-नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलं तर दिवसाला तीन युनिटच्या आसपास जातं, महिन्याला नव्वद. महावितरणचे घरगुती दर टप्प्यानं वाढतात, शंभर युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला बराच जास्त, त्यामुळं ज्यांचं बिल आत्ताच शंभरच्या काठावर आहे त्यांना ही शेगडी वरच्या टप्प्यात ढकलणार. तुलना करायची असेल तर १४.२ किलोच्या सिलेंडरमधली उष्णता साधारण १८० युनिट विजेएवढी होते. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर सगळे आकार धरून काढा, १८० नं गुणा आणि सिलेंडरच्या किमतीशेजारी ठेवा. भांड्यापर्यंत न पोचता बाजूनं वाया जातं ते दोन्हीकडं आहेच. माझ्या हिशोबानं घरगुती सिलेंडर मिळत असेल तर गॅस स्वस्त, ज्यांना तो मिळत नाही आणि बाहेर रोज मेस किंवा वडापाव-मिसळ चालू आहे त्यांना शेगडी स्वस्त.

निगा म्हणाल तर एकच शत्रू, उतू जाणं. मिठाचं पाणी किंवा रस्सा तापलेल्या तारेवर पडला की तो जो वरचा संरक्षक थर आहे तो तेवढ्या जागी खराब होतो आणि पुढं तार तिथंच बारीक होत जाते. सांडलं तर पिन काढायची, पूर्ण गार होऊ द्यायची, कोरड्या जुन्या टूथब्रशनं खाच झाडायची. गरम प्लेटवर गार पाणी किंवा ओलं फडकं टाकलं की चिनीमाती तडकते. प्लेट सुटी मिळते, पण घेताना जुनी बरोबर न्या, कारण सात इंची आणि आठ इंची अशी मापं आहेत आणि खाचांचे फेरे पण वेगवेगळे.

बॉडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पत्रा पातळ, पायाला रबर नाही, मोठं पातेलं ठेवलं की फरशीवर सरकते, ते बारके रबरी बूट घालून थांबवलं. रंग महिन्यात कडेनं करपला. पाच-सहा लिटरच्या वर वजन मी यावर ठेवणार नाही.

घ्यायला जाणार असाल तर संध्याकाळच्या गर्दीत नका जाऊ, दुपारी जा, आणि काउंटरवरच दुकानदार मामांना म्हणा की मीटर लावून दाखवा. दोन मापं घ्या, खालच्या दोन सारख्या पिनांमध्ये २६-२७ ओहम आणि वरच्या जाड पिनेपासून पत्र्यापर्यंत जोड आहे की नाही. पत्रा बघताना रंग नसलेल्या स्क्रूवर मीटरची सुई टेकवा. खिशात एक बारका चुंबक ठेवा. लक्ष्मीपुरीत असं मोजून मागितलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही, मला तर तिसऱ्या दुकानात मामांनी स्वतःहूनच आठ-दहा स्प्रिंगा मोजून त्यातली एक काढून दिली, आणि एक जादाची पण घेऊन ठेव म्हणाले. घेतली.